मोरचूद, चुना आणि चाकूचं पातं : नानांना आभारपत्र

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या धातुविज्ञानात अभिक्रियाशीलता श्रेणी असते, म्हणजे धातूंची जास्त क्रियाशील ते कमी क्रियाशील अशी उतरंड. पोटॅशियम, सोडियमपासून सुरुवात होते, मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड येतं, आणि खाली तांबं, चांदी, सोनं. मुलं ती घोकतात, पेपरात लिहितात आणि सुट्टी लागली की विसरतात. तुमच्या निफाडच्या द्राक्षबागेत, फवारणीच्या ड्रमाशेजारी उभं राहून ती मुलांना डोळ्यांनी पाहता आली. त्याबद्दल नाशिकमधले आम्ही विज्ञान शिक्षक तुमचे मनापासून आभार मानतो. तुम्ही दाखवलेलं इथे तपशिलात लिहितोय, म्हणजे दिंडोरी, चांदवडकडच्या शाळांनाही ते उपयोगी पडेल.

द्राक्षवेलींच्या रोगांवर फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. मोरचूद 50 लिटर पाण्यात वेगळा विरघळवायचा, चुना 50 लिटरमध्ये वेगळा विरवून कापडातून गाळायचा, थंड होऊ द्यायचा, आणि मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत ढवळत राहायचं. आकाशी रंग आला की बहुतेक जण पंप भरायला घेतात. तुम्ही मात्र घासून लख्ख केलेलं चाकूचं पातं त्यात बुडवलंत आणि मिनिटभर धरून ठेवलंत. पातं वर आलं तेव्हा धारेलगत तांबूस पट्टा उमटला होता. तुम्ही चुन्याची निवळी आणखी ओतलीत, ढवळलंत, पातं पुन्हा घासलंत, पुन्हा बुडवलंत. या वेळी ते पांढरंच निघालं.

विस्थापन अभिक्रिया याहून स्वच्छ कुठे दिसणार? लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. द्रावणात मोकळे तांब्याचे आयन शिल्लक असतील, तर लोखंडाचे अणू त्यांना इलेक्ट्रॉन देऊन स्वतः द्रावणात उतरतात, आणि तांबं पात्यावर बसतं. चुना पुरेसा पडला की तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्याला बसतं, मोकळे आयन उरत नाहीत, म्हणून पात्यावर काही चढत नाही. हेच मोकळं तांबं कोवळ्या पानांवर पडलं तर पानं करपतात. श्रेणीतल्या दोन नावांच्या खाली-वर असण्यावर अख्ख्या प्लॉटची पालवी अवलंबून असते, हे मुलांना तिथे कळलं.

एका मुलीनं विचारलं होतं, वजन मोजूनच घेतलंय तर पातं कशाला? तुम्ही म्हणालात, "चुन्याचा भरवसा नाही." त्याचं गणित आम्ही वर्गात मांडलं. 1 किलो मोरचुदात साधारण 255 ग्रॅम तांबं असतं, आणि ते सगळं खाली बसवायला शुद्ध कळीचा चुना हिशेबानं सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पुरतो. तरी किलोभर घेतात, कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो. त्यात न भाजलेले खडे असतात. शिवाय पोतं उघडं राहिलं की चुना हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि हळूहळू त्याचा पुन्हा चुनखडीचा कार्बोनेट होतो. असा मेलेला चुना पाण्यात टाकला तर फसफसत नाही, तापत नाही. वजन तेवढंच भरतं, पण काम होत नाही. वर्गात पुस्तकी प्रमाण शिकवताना हा मुद्दा सुटतो. तुमच्यामुळे तो आता सुटणार नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही फार ठासून सांगितलीत: आधी पातं घासा. गंजलेल्या किंवा तेलकट पात्यावर तांबं नीट चढत नाही आणि मिश्रण बिघडलेलं असूनही चांगलं वाटतं. धातूंच्या प्रयोगांत जे काही फसतं त्यातलं निम्मं इथेच फसतं, असं आमचं मत आहे. मॅग्नेशियमची फीत काळपट असेल तर नीट पेटत नाही. अ‍ॅल्युमिनियम श्रेणीत लोखंडाच्या वर असूनही मोरचुदाच्या द्रावणात ढिम्म पडून राहतं, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो. त्याच द्रावणात चमचाभर मीठ टाकलं की क्लोराइड तो थर फोडतं, द्रावण गरम होतं, बुडबुडे येतात आणि लालसर तांबं सुटू लागतं. हा प्रयोग छोट्या चंचुपात्रातच करावा, कारण तो अचानक वेग घेतो.

भांड्यांबद्दलही तुमचं म्हणणं बरोबर होतं. लोखंडी पिंपात मोरचूद कालवला तर पिंपाला भोकं पडतात आणि तांबं तळाशी गाळ होऊन वाया जातं. जस्ताच्या बादलीत तर आणखी लवकर, कारण जस्त लोखंडाच्याही वर आहे. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चुन्यालाही चालत नाही; तो धातू अल्कलीतही विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून प्लास्टिकचा ड्रम.

शाळेसाठी आम्ही प्रमाण असं बसवलंय: 1 ग्रॅम मोरचूद 50 मिलिलिटर पाण्यात, 1 ग्रॅम चुना 50 मिलिलिटरमध्ये, आणि तपासायला खिळा. नुसतं विस्थापन दाखवायचं तर 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मोरचूद आणि अर्धा तास. खिळा विकत घेताना मात्र बघून घ्या. नव्या खिळ्यावर तेल असतं, ते साबणानं धुऊन मग पॉलिश पेपर मारावा. आणि जस्त चढवलेला खिळा घेतला तर त्यावर काळपट, भुसभुशीत थर बसतो आणि निळा रंग हिरवट न होता फिका पडत जातो, कारण तिथे लोखंड नाही, जस्त काम करत असतं. मुलांनी "सर, हिरवं का नाही झालं?" असं विचारलं तर हेच उत्तर बहुधा निघतं. साध्या खिळ्याचं हिरवट द्रावण रात्रभर उघडं राहिलं की पिवळट-तपकिरी होतं. त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तर हिरवा रंग जास्त टिकतो. मोरचूद विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि त्या हातानं डबा उघडायचा नाही.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं, आणि तांब्याचे आयन माशांना फार घातक असतात. लोखंडाचा कीस टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवा, मग चुन्याची निवळी घालून गाळ बसू द्या. तो गाळ वेगळा साठवा.

जाता जाता तुम्ही एका पोरानं उचललेलं जुनं पितळी नोझल दाखवलंत, टोकाशी लाल झालेलं. पितळातलं जस्त आधी निघून गेलं आणि मागे तांबं राहिलं, हे त्याला वेगळं समजवावं लागलं नाही. श्रेणी समोरच होती.

याच मिश्रणाचा शोध फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत लागला. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिवविण्यासाठी मोरचूद-चुना शिंपडत, आणि त्या वेली केवडा या पानांवरच्या रोगापासून वाचलेल्या मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानात आल्या; 1885 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या नावाशेजारी आम्ही वर्गात तुमचंही नाव घेतो, नाना, कारण मुलांपर्यंत ते पोचवणारे तुम्ही आहात.

हंगामाच्या ऐन गडबडीत तुम्ही ड्रम थांबवून ठेवलात, प्रत्येकाच्या हाती पातं दिलंत, आणि कुणाला घाई करू दिली नाहीत. त्या वेळेचं मोल आम्हाला कळतं. खरड छाटणीनंतरच्या फवारणीला पुढची तुकडी आणू, तुमची सवड असेल त्या दिवशी. चुना आम्ही आणतो, ताजा कळीचा, पोतं बंद असलेला.

आपले,
नाशिकमधील विज्ञान शिक्षक