बाजारात बसणाऱ्या बाईचा सोपो : नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकासमंत्री, गोवा राज्य,
यांस सविनय नमस्कार.

निती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात गोव्यातील बहुआयामी दारिद्र्य एक टक्क्याच्याही खाली दाखवले आहे, आणि शाळा, वीज, शौचालय, बँक खाते या निकषांवर आपल्या राज्याने केलेली प्रगती खरी आहे. मात्र त्या मोजमापात रोजची मिळकत येत नाही. म्हापसा, मडगाव, फोंडा येथील बाजारांत गोणपाट अंथरून भाजी, फुले किंवा मासळी विकणारी आणि दिवसाच्या विक्रीवरच घर चालवणारी बाई त्या आकड्यांत बहुधा गरीब ठरत नाही. तिच्याकडून घेतल्या जाणाऱ्या सोपोविषयी, म्हणजे बाजारात बसण्याच्या जागेपोटी पालिकेच्या नावाने वसूल होणाऱ्या शुल्काविषयी, हे पत्र आहे.

घरपट्टी वर्षाची असते, तिच्यावर हरकत घेता येते, उशीर झालाच तर दंडासह भरता येते. सोपो मात्र रोजच्या रोज, रोख आणि पुष्कळदा भवानी होण्याआधीच द्यावा लागतो. तो जागेवर लागतो, विक्रीवर नाही. त्यामुळे पावसाने बाजार ओस पडला किंवा तांबडी भाजी संध्याकाळपर्यंत कोमेजून गेली, तरी रक्कम तीच राहते. दिवसाला ५० रुपये धरले तर ३० दिवसांचे १,५०० होतात. गृह आधार योजनेतून सरकार गृहिणीला महिन्याला नेमके तेवढेच देते. महागाईत घराला टेकू मिळावा म्हणून २०१२ साली सुरू झालेली ही मदत अशा घरात बाजारातल्या जागेपोटीच संपून जाते. मग माल टिकवण्यासाठी बर्फाची पेटी घेणे किंवा भाड्याच्या रिक्षेऐवजी स्वतःची हातगाडी करणे, यांसाठी लागणारे चार पैसे बाजूला पडतच नाहीत, आणि वर्षानुवर्षे ती त्याच गोणपाटावर राहते.

दोष दरापेक्षा वसुलीच्या पद्धतीचा अधिक आहे. पालिका सोपोची पावणी, म्हणजे वसुलीच्या हक्काचा लिलाव, करते तेव्हा कंत्राटदार बोलीची रक्कम पालिकेला देतो आणि त्यावर जे जमेल ते त्याचे होते. पावती न देता जादा पैसे मागण्याचा मोह या व्यवस्थेतच आहे, आणि जागा जाईल या धास्तीने बाई वाद घालत नाही. चतुर्थीच्या तोंडावर सत्तरी-पेडण्याहून माटोळीचे (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या आराशीचे) सामान घेऊन येणाऱ्यांना तर खरा दर कोणाला विचारावा, हेही कळत नाही.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. त्यातील नगर विक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. सोपोचा दर या समितीसमोर ठरावा. पावणी बंद करून पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी छापील पावतीवर वसुली करावी, दरफलक मराठी व कोंकणीत बाजाराच्या तोंडाशी लावावा, आणि स्वतःच्या मळ्यातला किंवा परसातला माल विकणाऱ्यांना सोपो पूर्ण माफ असावा. पालिकांच्या उत्पन्नात तूट येईल हा आक्षेप मला मान्य आहे. पण ती भरून काढण्यासाठी आधी पालिकेच्या दुकानगाळ्यांचे थकलेले भाडे वसूल व्हावे, टोपलीवाल्या बाईकडे सर्वांत शेवटी वळावे.

पुढील आर्थिक वर्षाच्या पावण्या जाहीर होण्यापूर्वी आपण सर्व पालिकांना तसे लेखी निर्देश द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
बार्देशातील एक नागरिक