कारण शोधल्याशिवाय गोळी नको : फुफ्फुसांतील उच्च रक्तदाबाविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

ग्रामीण भागात फिजिशियन म्हणून काम करताना दम लागणारे असे अनेक रुग्ण भेटतात, ज्यांच्या टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ एवढाच शेरा असतो आणि तेवढ्यावरच सिल्डेनाफिल या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधाची गोळी सुरू झालेली असते. फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढला आहे इतकेच त्या शेऱ्यातून कळते. तो का वाढला, हे कळत नाही, आणि उपचार सर्वस्वी त्या कारणावर अवलंबून असतात. या आजाराचे पाच गट मानले जातात. हृदयविकाराशी थेट निगडित असलेल्या दोन प्रकारांकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिला आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार हृदयाच्या डाव्या बाजूच्या विकारांमुळे होतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) आकसली, किंवा मधुमेह व उच्च रक्तदाबामुळे डावा कप्पा ताठर झाला, की पुढे बांध घातल्यावर मागे पाणी तुंबावे तसे रक्त फुफ्फुसांत तुंबते. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला निरोगीच असतात; दाब वर्षानुवर्षे राहिला तर मात्र त्यांच्याही भिंती जाड होतात आणि दोन्ही दोष एकत्र दिसू लागतात. अशा रुग्णाला फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या रुंद करणारे औषध दिले, तर आधीच अडलेल्या डाव्या बाजूकडे आणखी रक्त लोटले जाते आणि फुफ्फुसांत पाणी भरण्याचा धोका वाढतो. झडपेवर उपचार झाल्यानंतरही दाब उरलेल्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सिल्डेनाफिल घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडल्याचे दिसले. इथे खरा उपचार म्हणजे फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने झडप मोकळी करणे, हृदयाच्या कमजोरीची औषधे देणे, आणि संधिवाताच्या तापाचा पुन्हा हल्ला होऊ नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकू न देणे. हे स्वस्त इंजेक्शन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड उपलब्ध असावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा प्रकार जन्मजात हृदयदोषांचा. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील पडद्यात मोठे छिद्र असले, किंवा जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडीच राहिली, तर फुफ्फुसांकडे अतिरिक्त रक्त वेगाने जात राहते आणि तेथील बारीक रक्तवाहिन्या कायमच्या खराब होऊ लागतात. पहिल्या वर्षाच्या आत छिद्र बंद झाले तर बहुतेक मुले पुढे सर्वसामान्य आयुष्य जगतात. वेळ निघून गेली की रक्ताचा प्रवाह उलटतो आणि ओठ-नखे निळी पडतात. त्यानंतर छिद्र बंद करणे उलट घातक ठरते. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 1897 साली वर्णन केलेली ही अवस्था आजही आपल्याकडे दिसते, हे मला अतिशय वेदनादायक वाटते, कारण ती टाळता येते. रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या गोळ्यांचा खरा उपयोग या रुग्णांना होतो आणि त्या त्यांना आयुष्यभर लागतात. या अवस्थेतील स्त्रीसाठी गरोदरपण जिवावर बेतू शकते. तरीही अनेकींना ही गोष्ट लग्नानंतर, दिवस राहिल्यावरच कोणीतरी सांगते.

मुलांमधील जन्मजात दोष व आजार तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला, याचा महाराष्ट्राला अभिमान असायला हवा. अंगणवाडी आणि शाळेपर्यंत पोहोचणारी पथके आपल्याकडे आहेत. मात्र मोठ्या छिद्राच्या बाळाची नोंद झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती आठवडे गेले, याचा जिल्हानिहाय आढावा आपण स्वतः घ्यावा; या मुलांच्या बाबतीत निव्वळ प्रतीक्षा यादी पुरेशी नाही, वयाप्रमाणे अग्रक्रम हवा.

निदानाबाबतही एक ठोस सूचना आहे. इकोमधून दाबाचा केवळ अंदाज येतो. सरासरी दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, आणि त्याचे मूळ डाव्या बाजूत आहे की फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत, हे उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीत, म्हणजे शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत बारीक नळी नेऊन, नेमके मोजता येते. प्रत्येक दम लागणाऱ्या वृद्धाला ती तपासणी लागत नाही. डाव्या बाजूचा विकार इकोत स्पष्ट असेल तर आधी त्यावरच उपचार करावेत. पण फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांवरील खास औषधे सुरू करण्यापूर्वी ती व्हावी, तिचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून निःसंदिग्धपणे मिळावा, आणि जिल्हा रुग्णालयांच्या इको अहवालात दाबाच्या आकड्यासोबत डाव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) आकार, झडपांची स्थिती, उजव्या कप्प्याचे काम आणि संभाव्य कारण लिहिणे बंधनकारक करावे. या शेवटच्या गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. आपल्या विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते आपण लवकरात लवकर काढावे.

आपला विश्वासू,
ग्रामीण महाराष्ट्रातील एक फिजिशियन