बॉटला काय विचारलं, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगता यावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मला आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात तो, आणि त्याला आता ११ वर्षं झाली. आपल्या पेपरात एआयबद्दल बरंच छापून येतं, कुणी म्हणतं आता डॉक्टर लागणारच नाहीत, कुणी म्हणतं तब्येतीच्या बाबतीत त्याला हातही लावू नका, आणि दरवेळी वाचताना वाटतं की ज्यांना रोज उठून आजारासोबतच दिवस काढायचाय त्यांच्यापैकी पण कुणीतरी लिहायला पाहिजे. म्हणून लिहितेय. बोटं दुखतात म्हणून यातलं अर्धंअधिक फोनला बोलून लिहिलंय.

ज्यांच्या घरात असा आजार नाही त्यांना कल्पना नसते की यात डॉक्टरांचा वाटा केवढासा असतो. तीन महिन्यांतून एकदा तपासणी, तीही दहा-पंधरा मिनिटं. बाकीचे सगळे दिवस आपले आपणच निभवायचे. गोळी कधी, रक्ततपासणी कधी, आज बोट सुजलंय ते कालच्या कामामुळे की आजार परत उसळतोय, ताप आलाय तर गोळी घ्यायची की थांबायचं, हे सगळं डोक्यात चालू असतं आणि विचारायचं कुणाला? प्रत्येक वेळी फोन करायला संकोच वाटतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि मग एकेक करत असे बरेच बॉट, म्हणजे फोनवर प्रश्न विचारला की उत्तर देणारे एआय, आले, त्यातला एक मी गेली दीडेक वर्षं वापरतेय.

खरा फायदा कुठे झाला ते सांगते. डॉक्टर दरवेळी विचारायचे, सकाळी सांधे किती वेळ जखडलेले असतात? मी दरवेळी म्हणायचे, असतात थोडा वेळ. खोटं नव्हतं ते, पण रोजचंच झालं की मोजायचं सुचतच नाही आणि त्यांच्यासमोर बसल्यावर तर सगळं विसरायलाच होतं. मग मी रोज सकाळी बॉटला दोन वाक्यं बोलायला लागले, आज सव्वासहाला उठले, साडेसातपर्यंत मूठ वळत नव्हती, उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजलीत, पेस्टच्या ट्यूबचं झाकण उघडलं नाही. एवढंच. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला म्हटलं, याचा एका पानात सारांश दे. त्यात आलं की पहिल्या महिन्यात जखडणं वीस-पंचवीस मिनिटं होतं आणि तिसऱ्या महिन्यात दीड तासावर गेलं होतं. मला स्वतःला हे माहीत नव्हतं! डॉक्टरांनी ते पान वाचलं, हात दाबून बघितले, ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किती आहे ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, बघितल्या आणि औषध बदललं. माझ्या ‘थोडा वेळ’वर ते बदललं नसतं.

रिपोर्ट समजून घ्यायलाही मदत होते. ईएसआर वाढला की पूर्वी माझी झोप उडायची, आता कळतं की तो वयाने, रक्त कमी असल्याने, साध्या इन्फेक्शननेही वाढतो, एकट्या आकड्यावर काही ठरत नाही. रिपोर्ट टाकताना नाव आणि नंबर मात्र मी झाकते. डॉक्टरांवर गुप्ततेचं जे बंधन असतं ते अशा अॅपवर तसंच असेल असं धरून चालू नये.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर हे पत्र अर्धवट राहील. मी मेथोट्रेक्सेट घेते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर तोंड फोड्यांनी भरतं, रक्तपेशी तयार होणं मंदावतं, इन्फेक्शन होतं, अशा चुकीने माणसं दगावलेली आहेत. तर एका रात्री कंटाळून मी सगळी औषधं एका दमात बोलून टाकली आणि म्हटलं, छान तक्ता करून दे फ्रिजवर लावायला. तक्ता सुरेख आला. सात वार, सकाळ-दुपार-रात्र, सगळं चौकटीत. आणि मेथोट्रेक्सेट सातही वारी, रात्रीच्या रकान्यात. मी वार सांगायचा राहिला होता, त्याने विचारलं नाही, मोकळी चौकटही ठेवली नाही, स्वतःच भरून टाकलं. मला चूक चटकन दिसली ती ११ वर्षांच्या सवयीमुळे. ज्याला ही गोळी मागच्या आठवड्यात सुरू झालीय त्याला दिसली असती का? मी त्याला म्हटलं हे चुकलंय, तर लगेच माफी मागून दुरुस्त करून दिलं, आणि आठवड्यातून एकदाच का ते नीट समजावूनही सांगितलं. म्हणजे माहिती त्याच्याकडे होती, तरी तक्ता चुकला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्येच सावध केलं होतं की ही उत्तरं वाचायला खात्रीची वाटतात पण पूर्ण चुकीची असू शकतात. मी ते वाचलंही होतं. तरी तो तक्ता समोर आल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हेच की किती नीटनेटकं केलंय.

अजून एक. आपण जसं विचारू तसं ते वळतं. थंडीमुळेच दुखत असेल ना, असं विचारलं की थंडीची कारणं देतं, दुसऱ्या दिवशी टेन्शनमुळेच ना, असं विचारलं की टेन्शनची. आपल्याला जे ऐकायचंय ते आपण नकळत प्रश्नातच घालतो. म्हणून आता मी कारण विचारतच नाही, फक्त काय झालं ते सांगते आणि म्हणते, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढ. गोळी कमी-जास्त करणं, बंद करणं हे तर त्याला विचारायचंच नाही असा मी नियमच केलाय. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, आणि दुखणं कमी झालं की गोळी सोडायचा मोह किती होतो ते आम्हाला विचारा.

रात्रीचं पण लिहायला पाहिजे. दुखण्याने तीन वाजता जाग येते, घरातले झोपलेले असतात, मग मी फोनवर लिहायचे आणि समोरून धीराचे चार शब्द यायचे, बरं वाटायचं. काही महिन्यांनी नवऱ्याने ते सहज वाचलं आणि गप्प बसला. मग म्हणाला, मला का नाही उठवलंस? त्याला माझं दुखणं कमी झालंय असंच वाटत होतं, कारण घरात मी बोलायचंच बंद केलं होतं.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते आता. आधीच्या एका डॉक्टरांसमोर मी बॉटचं पान ठेवलं तेव्हा त्यांनी न बघता फाइल मिटली आणि म्हणाले, मग त्यालाच विचारत जा. मला इतकं लाजल्यासारखं झालं की पुढे वर्षभर मी त्यांना काही सांगितलं नाही. वापरणं थांबलं नाही, फक्त सांगणं थांबलं. आमच्यासारखे किती पेशंट असं लपवून वापरत असतील, आणि त्यातल्या कुणाच्या फ्रिजवर सातही वारांचा तक्ता लागला असेल तर तो डॉक्टरांच्या नजरेला कधी पडणार?

आताच्या डॉक्टर स्वतःहून विचारतात, यावेळी काय काय विचारलंत, दाखवा. दोन मिनिटं जातात त्यात. त्या तक्त्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. चिठ्ठी परत घेतली, मेथोट्रेक्सेटपुढे ‘फक्त रविवार’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, हे आता सगळ्यांनाच लिहून देते.

माझी डॉक्टर मंडळींना एवढीच विनंती आहे की हा प्रश्न तुम्हीच आधी विचारा, आम्ही आपणहून सांगायला कचरतो.

आपली,
एक नियमित वाचक