तोफेच्या तोंडावरचा दोरा

बोपोडी, पुणे
१४ जुलै

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुमचं तोफांचं जग आणि माझं फिजिक्स, यांचा काडीचा संबंध नाही." आणि त्याच दमात विचारलंस, रणगाड्याचा नेम धरणारी यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीची नोकरी घेऊ का. मी नुसतं हूं हूं केलं. फोनवर मला सुचत नाही, त्यात तुझी आई मागून "आधी पगार विचारा" म्हणत होती. म्हणून हे पत्र.

तू चौथीत असताना खंडेनवमीला तुला वर्कशॉपमध्ये नेलं होतं, आठवतं का? झेंडूच्या माळा, लेथला हळदकुंकू, आणि तू पेढ्याचा हात फ्रॉकला पुसत तोफेच्या मागून डोळा लावून पाहिलं होतंस. काय दिसतंय विचारल्यावर "फुली" म्हणालीस. ती फुली म्हणजे माझी ३१ वर्षांची नोकरी. तोफेच्या तोंडाला चार बारीक खुणा असतात. त्यांवरून दोन काळे दोरे अधिकच्या चिन्हासारखे ताणायचे आणि ग्रीसने चिकटवायचे. मागची फायरिंग पिन काढली की एक भोक उरतं, त्यातून पाहायचं आणि दोऱ्यांची फुली लांबच्या पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर आणायची. मग साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीत बघायचं. तिथली क्रॉसवायरही त्याच कोपऱ्यावर हवी. नसेल तर स्क्रू फिरवत बसायचं. याला आम्ही बोअरसाइटिंग म्हणतो. नळी कुठे बघते आणि डोळा कुठे बघतो, हे दोन्ही एक करणं, एवढंच.

आता तुझं फिजिक्स यात कुठून शिरलं ते सांगतो. आमच्याकडे लेसर रेंजफाइंडर आले तेव्हा आम्ही म्हातारे फिटर त्यांना 'टॉर्च' म्हणायचो. २ किलोमीटरवरच्या लक्ष्यावर प्रकाशाचा एक ठोका जातो आणि सुमारे १३ मायक्रोसेकंदांत परत येतो. तेवढ्यावरून अंतर कळतं. लेसरचं मूळ आइन्स्टाइनच्या १९१७ च्या लेखात आहे, हे तूच मला बारावीत असताना सांगितलंस. प्रत्यक्ष लेसर मैमनने १९६० साली माणकाच्या स्फटिकातून काढला. रात्री माणूस दाखवणारी थर्मल साइटही तुझ्याच खात्यातली. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचं प्रमाण असं जमवायचं, की अंगातून निघणारा उष्णतेचा क्षीण फोटॉनही आतला इलेक्ट्रॉन उचलू शकेल. इलेक्ट्रॉन उचलायला निदान जेवढी ऊर्जा लागते तिला तू बँड गॅप म्हणतेस, त्याची किंमत आम्ही साइट हातात घेऊन अंधारात पाहिली आहे. आणि लांब कशाला जायचं? पाषाणला ज्या आयसर या विज्ञानसंस्थेत तू पाच वर्षं शिकलीस, त्याच पाषाणला पिनाका रॉकेटं ज्यांनी घडवली ती एआरडीई ही शस्त्रसंशोधन प्रयोगशाळा आहे. काडीचा संबंध नाही म्हणे!

नेमाचं गणित तू एकदा हाताने करून बघ. लक्ष्य २ किलोमीटरवर, गोळा सेकंदाला १६०० मीटर. म्हणजे सव्वा सेकंद. तेवढ्यात गोळा साडेसात मीटर खाली येतो, आपल्या चाळीचे दोन मजले धर. समोरचा रणगाडा ताशी ३६ किलोमीटरने आडवा जात असेल तर तो साडेबारा मीटर पुढे गेलेला असतो. वर आडवा वारा, रणगाड्याचा कल, नळीची झीज. शिवाय दारू उन्हात तापलेली असेल तर भरभर जळते आणि गोळा जास्त वेगाने सुटतो. नळीही उन्हाने वरच्या अंगाला तापते आणि किंचित वाकते. त्यासाठी आता तोंडाजवळ छोटा आरसा बसवतात आणि आतून त्यावर प्रकाश टाकून बाक मोजतात. म्हणजे माझ्या दोऱ्याचं काम आरशाने घेतलं. मला वाईट वाटलं नाही. दोरा मला कधीच आवडला नव्हता, ग्रीस नखात जातं.

हा हिशोब करायलाच तर मोठे कॉम्प्युटर जन्मले. अमेरिकेत तोफांची कोष्टकं करायला गणित येणाऱ्या बाया बसवल्या होत्या, आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर'. एका गोळ्याचा मार्ग काढायला टेबलावरच्या यंत्रावर सुमारे २० तास लागायचे. एनिॲक हा मोठा कॉम्प्युटर तो ३० सेकंदांत काढायचा, गोळा जमिनीवर पडायला लागतो साधारण तेवढ्यातच. पण १९४६ च्या फेब्रुवारीत तो लोकांसमोर आला तेव्हा युद्ध संपलेलं होतं, आणि पहिलं मोठं काम त्याच्याकडून करून घेतलं ते हायड्रोजन बॉम्बचं. विमान पुढच्या क्षणी कुठे असेल हे ओळखण्याचं गणित युद्धात ज्याने मांडलं, त्या नॉर्बर्ट वीनरने १९४७ साली जाहीर पत्र लिहून क्षेपणास्त्रवाल्यांना आपला शोधनिबंध द्यायला नकार दिला. मला त्याचं पटतं, आणि नाहीही. आधी खिडकी उघडायची आणि मग वारा आला म्हणून ओरडायचं, असं थोडं वाटतं. पण नकार द्यायलाही छाती लागते.

तुला मुद्दाम सांगायची गोष्ट १९९१ ची आहे, आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेने परम ८००० हा महासंगणक उभा केला त्याच वर्षीची. आखाती युद्धात २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियात दहरानला इराकचं स्कड क्षेपणास्त्र आलं. ते पाडायला अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सज्ज होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचं. आपल्याला ०.१ लिहिणं सोपं, पण शून्य आणि एकाच्या भाषेत तो आकडा संपतच नाही, आपल्या एक तृतीयांशासारखा. तो २४ बिटांवर, म्हणजे शून्य-एकाच्या २४ घरांवर तोडला होता. चूक इतकी लहान, की कोणी हसेल. पण ती यंत्रणा सलग १०० तास चालू होती आणि थेंबाथेंबाने ०.३४ सेकंदाचा फरक साठला. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त जातं. रडारने आभाळाच्या भलत्याच तुकड्यात पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून पॅट्रियट सुटलंच नाही. स्कड अमेरिकी बराकीवर पडलं, तिथले २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी. अधूनमधून बंद करून चालू केलं असतं तरी भागलं असतं. तुझी आई राउटरला करते तेच.

हे वाचलं तेव्हा मला माझाच पावसाळा आठवला. दोरा भिजून ढिला पडला होता, मधोमध दोनेक मिलिमीटर खाली. मला ते दिसलं होतं. पण जेवणाची सुट्टी झाली होती आणि डब्यात तुझ्या आईची भरली वांगी होती. मी तसंच साइट लावून सही केली. पाच मीटरच्या नळीवर दोन मिलिमीटर म्हणजे दीड किलोमीटरवर ६० सेंटीमीटर. नगरच्या गोळीबाराच्या रेंजवर गोळे फळीच्या कडेला लागायला लागले, तर मीच सगळ्यांत आधी म्हणालो, "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घोळ आहे." दोन दिवस तो बिचारा तपासला. त्याची बेरीज-वजाबाकी चोख होती, शून्यच, म्हणजे जिथून तो मोजायला लागतो ती जागाच, माझं चुकलं होतं. कोणाला इजा झाली नाही. साहेब रागावले नाहीत, फक्त ओळीतल्या सगळ्या तोफांचे दोरे मला एकट्याला नव्याने लावायला लावले.

कारगिलच्या वेळी, १९९९ च्या मे-जूनमध्ये, आम्ही रात्रपाळ्या केल्या. तू पाळण्यात होतीस. टीव्हीवर तोफा दिसल्या की मी पुढे सरसावायचो आणि तुझी आई आवाज बंद करायची. नेम बरोबर लागतो तेव्हा तिथे कोणीतरी असतं, हे मी फार उशिरा मनात आणलं. तरी कामाची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. तुला वाटली तर मी वाद घालणार नाही.

नोकरीचं म्हणशील तर तू नाही गेलीस तर दुसरं कोणी जाईल, हे कारण देऊन जाऊ नकोस. ते लंगडं आहे. जायचंच असेल तर मुलाखतीत उलटं विचार: यंत्रणा सलग किती तास चालवून पाहता? शून्य कोण लावतं आणि दुसरं कोण तपासतं? आणि नेम यंत्राने धरला तरी घोडा माणसानेच दाबायचा, हे कुठे लिहिलेलं आहे का? विचारताना बुजू नकोस. ते आपापसांत बघायला लागले तर चहा पिऊन निघून ये, भाड्याचे पैसे मी देईन.

पगारही विचार. नाहीतर आई मला जेवू देणार नाही.

तुझा
बाबा

ता. क. – तुझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरलीय म्हणालीस, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या पाठवतो आहे. दाणे निळे आहेत तोवर चांगले. गुलाबी झाले की जुन्या डब्यात घालून तापव, पुन्हा निळे होतील. स्वयंपाकाच्या तव्यावर नको.