अंजिनची समाधी योकोसुकाला नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या सहलीवर लेख आला, त्यात विल्यम अ‍ॅडम्स, म्हणजे जपानी लोकांचा अंजिन, या इंग्रज खलाशाची समाधी योकोसुकाला आहे असं छापलं, ते चुकलं बरं. तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कायले, पण मी ती जागा डोळ्यानं पाहून आलो म्हणून राहवलं नाही.

मी दर्यापूर तालुक्यातला, घरी कपाशी अन् तूर. पुतण्या योकोहामाला नोकरीत आहे म्हणून मागच्या चैत्रात मी अन् घरची वीस दिवस तिकडं राहून आलो. एक दिवस त्यानं आम्हाला अंजिनझुका नावाच्या स्टेशनवर उतरवलं, तिथून घरांच्या मधातून नुसता चढच चढ, हिचे गुडघे बोलायला लागले, "याच्यापेक्षा सालबर्डी परवडली वं माय" म्हणे. वर बागेत चेरी फुललेली, खाली योकोसुकाचं बंदर, अन् कठड्याच्या आत बाजूबाजूला दोन दगडी मनोरे, दगडावर दगड रचल्यासारखे. एक अ‍ॅडम्सचा, एक त्याच्या जपानी बायकोचा. हिनं हात जोडले, मी पण जोडले.

पण माणूस तिथं नाही! तिथलं हेमी गाव तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू यानं त्याला जहागिरीत दिलं होतं म्हणून तिथं आठवण ठेवली. तो वारला 1620 च्या मे महिन्यात हिराडोला, म्हणजे पार दक्षिणेकडच्या क्युशू बेटाच्या पश्चिम टोकाला, जिथं 1613 ते 1623 इंग्रजांची वखार होती. तिथल्या कबरीतून 2017 साली काढलेली हाडं तपासून 2020 मध्ये सांगितलं की बहुतेक त्याचीच आहेत. आपल्याकडचं सांगायचं तर पादुका गावोगाव असतात, समाधी शेगावलाच.

अन् अ‍ॅडम्स जपानला पहिल्यांदा जिथं लागला ते क्युशूचंच उसुकी तर लेखात आलंच नाही. 1598 ला रॉटरडॅमहून पाच जहाजं निघाली, त्यातलं एकच, अ‍ॅडम्स होता ते लीफ्द, एप्रिल 1600 मध्ये उसुकीजवळ कसंबसं लागलं, चोवीसेक माणसं जिवंत अन् त्यातली पायावर उभी राहणारी बोटावर मोजण्याइतकी. पोर्तुगीज पाद्री म्हणत हे चाचे आहेत, मारून टाका. इएयासूनं मारलं नाही, उलट कामाला लावलं. इतो गावी अ‍ॅडम्सकडून 80 टनाचं विलायती पद्धतीचं जहाज बांधून घेतलं, अन् तिथं अजूनही दर ऑगस्टात त्याच्या नावानं जत्रा भरते. अंजिन म्हणजे जहाजाचा वाटाड्या, त्याचं नावच पडलं मिउरा अंजिन.

तोक्योत निहोनबाशीला त्याच्या घराच्या जागी एक दगड आहे, दोन इमारतींच्या मधात, इतका लहान की आम्ही दोनदा पुढं निघून गेलो. तिसऱ्यांदा एका दुकानदारानं बाहेर येऊन बोट दाखवलं.

अ‍ॅडम्सला 1613 मध्ये घरी जायची परवानगी मिळाली होती तरी तो गेला नाही. हे वाचून मला नागपूरचे भदंत सुरेई ससाई आठवले, ते जपानातून आले अन् इथलेच झाले, नागरिकत्वही इथलं घेतलं. अशी माणसं दोन्हीकडं असतात, तुमच्या पुरवणीत कधी त्यावर पण लिहा की.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नको. अन् योकोहामाहून हिराडोला जायला किती खर्च येते तेही द्या, घरची म्हणते पुढच्या वेळी जाऊ, पण चढ नसन तर. तिथली कबर पण टेकडीवरच आहे, ते मी तिला अजून सांगितलं नाही.

आपला एक जुना वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती