पोरगी नाटक करत नव्हती, मॅडम

मॅडम, नमस्कार.

मागच्या वेळी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. शेवटची एसटी गाठायची होती.

पांढरकवड्याकडची ती दहावीतली पोरगी आठवते ना, माझ्या खांद्याला धरून उजवा पाय ओढत आलेली? तोवर एमआरआय झाला होता, दोन बाबा झाले होते, अंगारा तर रोजचाच. एका डॉक्टरने रिपोर्ट पाहून "काही नाही, नाटकं आहेत" म्हणत फाईल परत सरकवली. त्या रात्री मी पोरीवर हात उचलला. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही तिला पलंगावर निजवून उजव्या टाचेखाली हात ठेवला. "टाच दाब." दाबली जाईना. मग डावा पाय उचलायला लावून तुम्ही वरून जोर दिला, तशी उजवी टाच आपसूक दाबली गेली. तुम्ही माझाच हात तिथे ठेवून म्हणालात, "ताकद आहे. हुकूम मधे अडकतो. ती मुद्दाम अडवत नाही." ही खूण डॉक्टरांना 1908 पासून ठाऊक आहे म्हणे. आम्हाला दाखवली तुम्ही.

मग आकडे. 7-2-9-4 तिने सरळ म्हटले, उलटे म्हणताना "चार, नऊ..." आणि नजर छताला. बाहेर आल्यावर आमची आई म्हणे, "आकडे काहून इचारते बाप्पा थे मॅडम, पोरीच्या त पायाले झालं ना!" मीही तेच समजत होतो. गणितात हुशार पोरगी मागे पडली, तर मोबाईलचा दोष, आळस. तुम्ही समजावलं, निम्मं लक्ष पायातच गुंतलंय, गणिताला उरणार किती? फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात त्या या आजारात कित्येक मुलांचं लक्ष टिकत नाही, वाचलेलं क्षणभर डोक्यात धरून ठेवणं जड जातं. ते आजारातलंच, ढपणा नाही. पूर्वी याला हिस्टेरिया म्हणत, तो शब्द गावात अजून शिवीसारखा वापरतात.

शाळेला तुम्ही चिठ्ठी दिली: एका वेळी एकच सूचना, लिहायला जास्त वेळ. सरांनी पाळली. कार्डामागे टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर लिहून दिला होता. वेचणीच्या घाईत पाय पुन्हा अडला, तेव्हा रात्री तिनेच लावला.

पूर्ण बरी नाही अजून. व्यायाम चालू आहे. रोज दिवेलागणीला आई तिच्या टाचेखाली हात घालून बसते आणि म्हणते, "उचल वं डावा."

आपला,
एक बाप