एक्स-रेची मूळ फाइल रुग्णाच्या हाती द्या

महोदय,

मध्यंतरी माझी दाढ ठणकत होती. दंतवैद्यांनी तोंडात छोटा सेन्सर धरला आणि काही सेकंदांत दाढ पडद्यावर उमटली. त्यांनी चित्र मोठे केले, गडद-फिके करून पाहिले, तेव्हा मुळाच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढी काळसर छटा दिसली. जंतुसंसर्गाने तिथले हाड झिजले होते. मला मात्र साध्या कागदावरची प्रिंट मिळाली. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्या प्रिंटमध्ये ती छटा दिसेचना. पुन्हा एक्स-रे काढावा लागला.

रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, त्यानंतर कित्येक दशके फिल्मवर जे उमटेल तेच खरे होते. फिल्म बिघडली की पुन्हा काढा. डिजिटल एक्स-रेमध्ये तेच चित्र हवे तसे उजळून पाहता येते, जुन्याशी ताडता येते. बारीक फ्रॅक्चर असो वा छातीतला डाग, हा फायदा मोठाच आहे. पण तो मूळ फाइलमध्ये असतो, प्रिंटमध्ये किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोत नव्हे.

दाताच्या एका छोट्या एक्स-रेचे रेडिएशन फार थोडे असते, घाबरण्याचे कारण नाही. सीटी स्कॅनचे मात्र कितीतरी जास्त. फाइल हाती नसल्याने तपासणी पुन्हा करावी लागू नये, म्हणून प्रत्येक तपासणीनंतर ‘डायकॉम’ या वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपातली मूळ फाइल न मागता मिळावी, आणि तोवर रुग्णांनी ती आवर्जून मागून घ्यावी.

– एक वाचक